भिशीचा स्टॅम्प पेपर

मी माझ्या बायकोची भिशी मोडली. एकोणीस वर्षं चाललेली, बारा बायकांची. कुणी पैसे बुडवले नव्हते, कुणाचं भांडण झालं नव्हतं. मी घराचं अंदाजपत्रक करायला घेतलं होतं, एवढंच कारण. चोर निदान चोरी करताना गप्प तरी असतो. मी माझं काम मोठ्याने वाचून दाखवत केलं.

हे लिहू का, असं मी बायकोला विचारलं. तिने तिच्या मैत्रिणीला विचारलं, कारण जे सोसायचं ते खरं त्या मैत्रिणीने सोसलं. मैत्रीण म्हणाली, लिहू दे, आता मला जाब विचारणारं घरात कुणी उरलेलं नाही, फक्त माझं नाव नको. बायकोची अट त्याहून कडक: कुणाचंच नाव नको. ती अट मी पाळतो आहे. न पाळल्यावर काय होतं ते एकदा पाहून झालं आहे.

तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात क्वालिटी विभागात होतो. दुसऱ्याने केलेल्या कामाकडे बघून नकारार्थी मान हलवणे, याचा मला पगार मिळत असे. कोथरूडमधला फ्लॅट नवा होता आणि कर्ज पंधरा वर्षांचं. एके दिवशी कंपनीने आम्हा कर्मचाऱ्यांसाठी कौटुंबिक अर्थनियोजनावर व्याख्यान ठेवलं. टाय लावलेला एक तरुण माणूस म्हणाला, "तुमच्या कुटुंबाची आर्थिक ध्येयं कोणती, ते मनात म्हणा." मी मनात काहीच म्हणू शकलो नाही. महिना संपायच्या आत पगार संपू नये एवढी एक इच्छा होती, पण इच्छा आणि ध्येय यांत फरक असतो असं तो लगेच पुढे म्हणाला. मी लाजेने चूर झालो. घरी परत येताना कंपनीच्या बसमध्ये मी ठरवलं, आपल्या घराला ध्येयं हवीत.

त्यानंतर आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पोहे झाल्यावर, सभा भरू लागली. सभासद तीन: मी, बायको आणि चौथीतली मुलगी. अध्यक्ष मी. मुलगी इतिवृत्त लिहायची, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि तिला त्या शब्दाची गंमत वाटायची. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर केलेला तक्ता मी एका बाजूने वापरलेल्या कागदांवर छापून आणत असे. काटकसरीचा आरंभ कागदापासून, असं मी पहिल्याच सभेत सांगितलं. कागद कंपनीचे होते, हे कुणी काढलं नाही.

पहिल्या सभेचं इतिवृत्त अजून आमच्याकडे आहे. त्यात लिहिलं आहे: "बाबांनी ध्येये विचारली. बाबांची ध्येये तीन आहेत. कर्ज दहा वर्षांत फेडणे, चारचाकी घेणे, माझे इंजिनिअरिंग. माझे ध्येय कुत्रा आहे. ते बाबांनी लिहून घेतले नाही. आई म्हणाली, माझे झाले आहे, चहा ठेवू का."

तक्त्यात मी मिळकतीच्या रकान्यात माझा पगार लिहिला आणि त्याखाली बायकोच्या शिकवणीचे पैसे. ती सोसायटीतल्या पाच-सहा मुलांची स्कॉलरशिपची तयारी करून घ्यायची. ते पैसे धरायचे का, असं मी तिला विचारलं नाही. मला वाटलं, घर एक, तर रकाना एक. खर्चाच्या बाजूला मी तीसेक सदरं पाडली. दूध, पेपर, गॅस, पेट्रोल, केस कापणे. सत्ताविसावं सदर होतं: भिशी, दरमहा एक हजार.

"याच्यावर व्याज किती?" मी विचारलं.

"कशावर?"

"भिशीवर."

"भिशीवर व्याज नसतं."

"मग उपयोग काय?"

"बारा जणी हजार-हजार काढतात, चिठ्ठी टाकतात, जिची निघेल तिला बारा हजार. वर्षात प्रत्येकीला एकदा. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"कळलं. पण हेच पैसे आवर्ती ठेवीत टाकले असते तर वर्षाला साडेचारशे रुपये व्याज मिळालं असतं."

तिने तक्ता माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाली, "आवर्ती ठेवीत साबुदाण्याचे वडे देतात का?"

मुलीने हे वाक्य इतिवृत्तात घेतलं. मी खोडायला लावलं.

या भिशीबद्दल थोडं सांगायला हवं. बायकोचं माहेर कसबा पेठेतलं. बारावी झाल्यावर ती आणि तिच्या गल्लीतल्या मुली एका भाभींकडे शिवणाच्या क्लासला जायच्या. भाभींच्या घरातली माणसं तीन-चार पिढ्या त्याच गल्लीत शिवणकाम करत आलेली. माडीवर त्यांचं घर, खाली दुकान. भाभींनीच या पोरींची दहा-दहा रुपयांची भिशी लावून दिली. पुढे पोरींची लग्नं झाली, दहाचे शंभर झाले, शंभरचे हजार. कुणाची नणंद आत आली, कुणाची जाऊ आली. महिन्याचा पहिला शनिवार, दुपार, प्रत्येक वेळी वेगळ्या घरी. पैसे भाभींकडे, ब्लाउजपीसच्या एका पिशवीत. वही नाही, सही नाही.

या भिशीला एकच नियम होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. चिठ्ठी निघाली की नाव सगळ्यांसमोर वाचायचं. पण ते पैसे शेवटी कुणाच्या घरी गेले, हे कुणी विचारायचं नाही. एखादीला अडचण असली तर ती भाभींच्या कानात सांगायची, भाभी जिची चिठ्ठी निघाली तिला बाजूला घ्यायच्या, आणि दोघींच्या पाळ्या गुपचूप बदलायच्या: घेणारीची चिठ्ठी भाभी डिसेंबरपर्यंत मागे ठेवायच्या आणि तेव्हाचे पैसे देणारीला जायचे. बाकीच्यांना पत्ताही नाही. एकोणीस वर्षांत कुणी कशाकशासाठी पाळ्या बदलून घेतल्या असतील, ते एकट्या भाभींना ठाऊक.

आता माझ्या चुकीकडे येतो. मार्चमध्ये बायकोची चिठ्ठी निघाली. मुलीने तसं घरी येऊन सांगितलंही, कारण चिठ्ठी तिनेच उचलली होती. मी एप्रिलच्या सभेसाठी तक्त्यात बारा हजार जमेला धरले आणि त्यांचा कर्जाचा जादा हप्ता भरायचं ठरवून टाकलं. सभेत मी पैसे मागितले. बायको म्हणाली, "डिसेंबरात मिळतील."

"चिठ्ठी तर मार्चमध्ये निघाली."

"निघाली. पैसे डिसेंबरात मिळतील."

मी सोडलं नाही. आठवडाभर चहाच्या, जेवणाच्या, पेपरच्या वेळी मी बारा हजारांचं काय झालं ते विचारत राहिलो. कारखान्यात एखादा नग हरवला तर आम्ही तो सापडेपर्यंत लाइन थांबवायचो. शेवटी ती वैतागली. कणीक मळता मळता तिने सांगितलं, की तिची पाळी तिने शनिवार पेठेतल्या मैत्रिणीला दिली आहे. ही तिची शाळेपासूनची मैत्रीण, सासर एकत्र, थोरली जाऊही याच भिशीत. "कशाला लागले ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही," ती म्हणाली. "तिच्या घरी ठाऊक नाही. जावेला तर मुळीच नाही. तुम्ही विचारून विचारून डोकं खाल्लंत म्हणून सांगितलं. इथेच राहू दे."

मी "हो" म्हणालो. तो "हो" मी अगदी मनापासून म्हटला होता, हे नमूद करावंसं वाटतं. त्याने काही फरक पडत नाही, हेही.

पण मनात एक किडा वळवळायला लागला. बिनव्याजी, बिनलेखी बारा हजार. उद्या ती मैत्रीण भिशी सोडून गेली तर? भाभी आजारी पडल्या तर? पाळी कुणाची होती याचा पुरावा काय? तिच्यावर माझा अविश्वास नव्हता. माझा विश्वास कागदावर होता, आणि त्या कागदावर जिवंत माणसांची नावं येतात हे माझ्या लक्षात आलं नाही. मी शिवाजीनगरला कोर्टाजवळ जाऊन शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर आणला. त्यावर ऑफिसात टाइप केलं, दोन प्रतींत: खाली सही करणार अमुक यांनी आपली मार्चची पाळी तमुक यांना दिली असून त्याबदली त्यांची डिसेंबरची पाळी स्वीकारली आहे, वगैरे. जोडीला 'भिशी नियमावली' म्हणून अकरा कलमं केली. नववं कलम होतं, पाळीची अदलाबदल सर्व सभासदांसमोर लेखी नोंदवावी. मला ते कलम विशेष आवडलं होतं.

जूनचा पहिला शनिवार आमच्या घरी होता. बाराही जणी आल्या. वडे झाले, कॉफी झाली, चिठ्ठी निघाली. भाभी पिशवीला गाठ मारत होत्या. तेवढ्यात मी आतल्या खोलीतून फाइल घेऊन बाहेर आलो. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. खास घातला होता.

"दोन मिनिटं घेऊ का आपली?" मी म्हणालो.

बायकांना वाटलं, मी फोटो काढणार आहे. दोघी-तिघींनी पदर सारखे केले. बायकोला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मी कागदाकडे पाहत होतो. मी नियमावली वाचली. एका बाईने अकरा कलमं ऐकून जांभई दिली. मग मी स्टॅम्प पेपर काढला आणि तोही वाचला. नावांसकट.

वाचून झाल्यावर मी वर पाहिलं. टाळ्यांची अपेक्षा होती असं म्हणणार नाही, पण माना डोलतील असं वाटलं होतं. मैत्रीण हातातल्या कपाकडे बघत होती. तिची जाऊ तिच्याकडे बघत होती. जाऊ शांतपणे म्हणाली, "मार्चमध्ये? बारा हजार? अगंबाई."

मैत्रिणीने कप खाली ठेवला. "मी कशाला घेऊ? यांच्या कागदात काहीतरी चूक असेल," ती म्हणाली, आणि पर्स घेऊन निघाली. जाऊही तिच्या पाठोपाठ निघाली, जरा घाईनेच.

भाभी उठल्या. त्या तेव्हा साठीच्या पुढे होत्या, गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या. त्यांनी माझ्या हातातला स्टॅम्प पेपर घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला. "कागद चांगल्या प्रतीचा आहे," त्या म्हणाल्या. मग बाकीच्यांना म्हणाल्या, "ज्यांचे ज्यांचे राहिलेत त्यांचे मी घरपोच करीन. भिशी बंद."

बायका गेल्यावर बायकोने कपबश्या गोळा केल्या. मी म्हणालो, "मी तुझ्याच भल्यासाठी..."

"हे शंभर रुपये कुठल्या सदरात?" ती म्हणाली.

त्यानंतर घरात सुरू झालं ते मी शत्रूवरही आणणार नाही. ती माझ्या अंदाजपत्रकाप्रमाणे वागू लागली. शब्दशः. संध्याकाळी माझ्यासमोर चिठ्ठ्या यायच्या. "कोथिंबीर दोन रुपये. कढीपत्ता भाजीवाल्याने वरून दिला, फुकटाचं कुठे लिहू?" माझे काका-काकू सदाशिव पेठेतून भेटायला आले तर ती दारातच मला हाक मारून म्हणाली, "अहो, तुमच्या तक्त्यात पाहुणे नाहीत. यांना करमणुकीत धरू की किरकोळमध्ये?" काका पुण्याचेच. ते म्हणाले, "करमणुकीत धरा. चहा अर्धाच द्या." महिन्याअखेर तक्ता पैशाला पैसा जुळला. माझ्या आयुष्यात इतकं जुळलेलं आणि इतकं भयाण मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

पहिला शनिवार आला की ती दुपारी आडवी व्हायची. एकोणीस वर्षांत त्या वेळेला ती कधी घरी आडवी झाली नसेल. झोपायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची. मुलीने एकदा विचारलं, "आई, आज कुणाकडे?" बायको म्हणाली, "कुणाकडे नाही." मी शेजारच्या खोलीत तक्ता उघडून बसलो होतो आणि मला सत्ताविसाव्या सदरात शून्य दिसत होतं. शून्य बघून मला नेहमी बरं वाटायचं.

माफी मागायचे माझे पहिले प्रयत्नही क्वालिटीतल्या माणसाचे होते. मी बायकोला माफीचं पत्र लिहिलं. टाइप केलेलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "प्रत कुणाकुणाला?" मग मी आंबा बर्फी आणली. ती मुलीने खाल्ली.

तरीही मी इथे थांबलो असतो तर बरं होतं. जुलैमध्ये मी मंडईत भाजी घेत होतो, तर मैत्रिणीची जाऊ समोर आली. हातात पिशव्या, चेहरा अगदी गोड.

"काय भाऊजी, आज तुम्हाला भाजीला पाठवलं का?"

"हो. इथे चार आणे स्वस्त पडते."

"एक विचारू का? आमची धाकटी म्हणते, तुमच्या त्या कागदात चूक होती. म्हणते, घाईत दुसऱ्या कुणाचं तरी नाव पडलं."

आणि मी, मंडईत, हातात दुधी भोपळा धरून, म्हणालो, "चूक? माझ्या कागदात? दोनदा तपासलाय मी तो."

"तेच म्हटलं मी," जाऊ म्हणाली. "क्वालिटीतला माणूस. चुकेल कसा?"

ती गेली. मी भोपळा घेतला, हिशेबाने सुटे दिले आणि स्कूटरवर बसलो. गरवारे पूल ओलांडेपर्यंत मला काही वाटलं नाही. उलट कुणीतरी आपली कदर केली असं वाटत होतं. पुलापलीकडे सिग्नलला उभा होतो तेव्हा मला कळलं, मी काय केलं. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले तरी मी तिथेच होतो.

हे मी बायकोला सांगितलं. सांगावंच लागलं, माझ्याने पचत नव्हतं. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं. पहिल्यांदाच ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं, पण ओरडली नाही.

"तिने घरी पायावर हात ठेवून सांगितलंय, मी घेतले नाहीत म्हणून. सासूच्या पायावर. तुम्हाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं.

"मी तिच्याकडे जाऊन..."

"तुम्ही तिच्या दारात पाऊलही टाकायचं नाही. तुम्ही गेलात की तिथे आणखी एक कागद तयार होईल." मग पुन्हा लाटणं हातात घेत म्हणाली, "भाभींकडे जा. त्या सांगतील तसं करा. जास्त काही करू नका."

मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसला अर्धी रजा टाकून कसब्यात गेलो. भाभींच्या दुकानात तीन बायका मापं द्यायला थांबल्या होत्या. भाभींनी मला बघितलं, बाकाकडे बोट दाखवलं आणि पुढचा पाऊण तास माझ्याकडे पाहिलं नाही. मी बाकावर, मांडीवर कुणाच्या तरी परकरांचा गठ्ठा. येणारी प्रत्येक बाई आधी माझ्याकडे आणि मग परकरांकडे बघायची.

शेवटी दुकान रिकामं झालं.

"बोला जावईबापू," भाभी म्हणाल्या. कसब्याच्या मुलीचा नवरा म्हणून त्या मला लग्नापासून जावईबापूच म्हणायच्या, पण त्या दिवशी त्यात माया नव्हती. "कागद आणलाय?"

"नाही."

"बरं झालं. माझ्याकडे कात्री आहे."

मी त्यांना सगळं सांगितलं. मंडईतलंसुद्धा. त्या ऐकताना एका ब्लाउजची टीप उसवत होत्या.

"चाळीस वर्षं बायका माझ्यासमोर उभ्या राहतात," त्या म्हणाल्या. "हात वर केला, टेप लावला, की बाई बोलायला लागते. नवरा, सासू, दागिना, पोटातलं, सगळं. मी काय लिहिते? छाती छत्तीस, उंची चौदा. बाकीचं लिहीत नाही. म्हणून त्या परत येतात. कळलं?"

"कळलं."

"नाही कळलं. तुम्ही म्हणाल, मग विसरायला होईल. विसरायलाच हवं असतं ते." त्यांनी दोरा तोडला. "पोरीने दुसऱ्याच आठवड्यात पैसे मला परत आणून दिले. सगळे. जे काय करायचं होतं तिला, ते राहिलं. का आणलेत असं मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका."

"मी तिची माफी मागतो. म्हणाल तिथे मागतो."

"माफी मागायला तिने काही घेतलेलंच नाही, असं तिने सांगितलंय. तुम्ही तिची माफी मागाल, म्हणजे पुन्हा सिद्ध होईल की घेतले होते. तुमच्या डोक्याला हे झेपतंय का?"

खरं सांगायचं तर झेपत नव्हतं.

"बघा," भाभी म्हणाल्या, "एक तर तुमचा कागद खोटा आहे, नाहीतर ती खोटी आहे. तिसरं काही नाही. जावेला एवढंच हवंय. आता कोण खोटं ते तुम्ही सांगायचं. ज्यांच्यासमोर वाचलंत त्यांच्याचसमोर."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

भाभींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खरं बोलून काय दिवे लावलेत ते पाहिलं आम्ही."

या वाक्यावर मी आठवडाभर विचार केला. कारखान्यात माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत माझ्या सहीचा एकही अहवाल मागे घ्यावा लागलेला नव्हता, आणि त्याचा मला किती गर्व होता हे लिहायला आज लाज वाटते. पोरीचं शिक्षण, कर्ज, गाडी ही ध्येयं मी कागदावर मांडली होती, पण माझं खरं ध्येय एकच होतं: आपण बरोबर असणं. त्यासाठी बायकोने विश्वासाने सांगितलेली गोष्टही मी पणाला लावली होती. हे कुठल्याच सदरात नव्हतं, म्हणून इतके दिवस दिसलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी भाभींनी बाराही जणींना आपल्या माडीवर बोलावलं. भिशीचे उरलेले पैसे वाटायचे आहेत, असा निरोप होता. त्यामुळे सगळ्या आल्या. जाऊ तर आधी आली. मैत्रीण शेवटी आली आणि दाराजवळ बसली. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. बायको खिडकीपाशी. मी घरून निघताना तिला काय बोलणार ते सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "मला सांगू नका. तिथे बोला."

भाभी म्हणाल्या, "जावईबापूंना काही सांगायचंय."

माझ्या हातात काही नव्हतं. कागदाशिवाय चार माणसांसमोर बोलायची मला सवय नाही. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून मी ते मागे बांधले. शाळेत शिक्षा झाल्यासारखा दिसत असेन.

"जूनमध्ये मी जो कागद वाचला," मी म्हणालो, "त्यात चूक होती."

जाऊ लगेच म्हणाली, "पण भाऊजी, मंडईत तर तुम्ही म्हणालात, दोनदा तपासलाय."

"तपासला होता. दोन्ही वेळा चुकीचा तपासला."

कुणीतरी हसलं. मी पुढे बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं.

"पैसे मार्चमध्ये आमच्याच घरी आले होते. हिने माझ्या हातात दिले. मी ते कर्जात भरले आणि तक्त्यात लिहायचे विसरलो. मग जुळेना, तेव्हा मी हिच्यामागे लागलो, आणि हिचं कुणाबद्दल काहीतरी बोलणं अर्धवट ऐकून एक नाव टाकून दिलं."

"बारा हजार विसरलात?" जाऊ म्हणाली. "तुम्ही? कोथिंबिरीचा हिशेब ठेवणारे?"

आमच्या कोथिंबिरीची बातमी शनिवार पेठेपर्यंत पोचली होती. माझे कान तापले.

"हो. कोथिंबिरीचा ठेवतो, आणि बारा हजार विसरतो. असा माझा हिशेब आहे. कंपनीत कुणाला सांगू नका."

आता सगळ्याच हसल्या. जाऊ हसली नाही. ती माझ्याकडे, मग धाकट्या जावेकडे, मग परत माझ्याकडे बघत राहिली. तिला पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण तिच्यापाशी एकच पुरावा होता, आणि तो पुरावा समोर हात मागे बांधून उभा होता आणि स्वतःला मूर्ख म्हणवून घेत होता. "बरं बाई," ती म्हणाली, "सासूबाईंना सांगते तसं." भाभींनी लगेच कुणालातरी चहाचं विचारलं.

मी बसू शकलो असतो. ठरलेलं काम झालं होतं. पण मी दाराकडे वळलो. तिथे ती मैत्रीण बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. गेल्या दोन महिन्यांत तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं, आत्ताही पाहत नव्हती. मला जे म्हणायचं होतं त्यातला बराचसा भाग म्हणता येणार नव्हता. जेवढं चारचौघांत म्हणता येईल, तेवढंच म्हणालो.

"माझ्या चुकीमुळे तुम्हाला घरी ऐकून घ्यावं लागलं. मंडईत मी तीच चूक पुन्हा केली. मला तुमचं नाव घ्यायचा काही अधिकार नव्हता. मला माफ करा."